पांढरा कांदा

आमच्या न्हाणीचं पाणी
पऱ्हाट्यांच्या कुडाखालून पलीकडे जातं,
पंचफुलाच्या वाफ्यात.
उतारच तसा. सासऱ्यांनी घर बांधताना
सुनांच्या भांडणाचा विचार केला नव्हता.

भांडण गंजाचं.
वास्तूच्या जेवणाला नेलेला पितळेचा गंज
पोचा पडून परत आला,
आणि मी म्हटलं, आणि ती म्हणाली,
आणि तीन उन्हाळे झाले.

एका विटेचं काम होतं.
वीट घेऊन गेलेही होते एका सकाळी मोरीपाशी.
कुडाच्या फटीतून दिसली
नुकती लावलेली कांद्याची रोपं,
सुतळीएवढी,
माना टाकून चिखलात आडवी.
वीट मी धुण्याच्या दगडाखाली सरकवली.
दगड तसाही डुगडुगत होता.

पौषात कुडावरून पातीची जुडी आली,
धपकन,
मांजरानं उडी मारावी तशी.
मुळांना माती तशीच.
मी बेसन लावून परतली, वरून सांबार भुरभुरला.
जेवताना हे म्हणाले, कारंज्याच्या बाजारातली का?
मी म्हटलं, हो.
त्यांनी अजून एक भाकर मागितली.
बाजार मंगळवारी असतो. त्या दिवशी शुक्रवार होता.

लोक म्हणतात, कांदा रडवतो.
मला शिंका येतात, एकामागून एक, सात.
पलीकडे तिला त्या मोजता येत असतील.
मलाही तिच्या चुलीचं सगळं कळतं:
कांदा गुलाबी होतानाचा वास वेगळा,
तिचं लक्ष नसतानाचा वेगळा,
आणि तिचा भाऊ आला की
निखाऱ्यात अख्खा भाजलेला, काळ्या सालीचा,
रश्श्यासाठी.

चैत्रात तिनं कांदे काढले.
खाटेखाली, तुरीच्या काड्यांवर पसरले असणार.
रात्री एखादा सडका
उकिरड्यावर पडल्याचा आवाज येई.
मी मनात म्हणे, अजून एक गेला हिचा,
आणि कूस बदले.

मे महिन्यात आमचा प्रफुल्ल
भरतीसाठी वाशिमला निघाला, धावायला.
पहाटेची एसटी. मी दहीभात बांधत होते.
कुडावरून एक हात आला,
नखांत माती, काचेच्या दोनच बांगड्या,
तळव्यावर पांढरा कांदा, लिंबाएवढा.
"खिशात ठेव म्हना त्याले. ऊन लागत नाई."

सात शब्द.
माझ्या शिंकांएवढे.

रात्री परतला. धावणं कसं झालं विचारलं,
तर बूट सोडत बसला, उगाच वेळ लावत.
कांदा?
खाल्ला.
अरे, खाल्ला?
स्टँडवर पोहे घेतले, मग काय करू,
त्याच्याकडे वर टाकायला कांदाच नव्हता.

मी मोरीवर हात धुवायला गेले.
पाणी आपलं चाललं होतं पलीकडे,
रिकाम्या वाफ्यात.
"खाल्ला त्यानं," मी कुडाला म्हटलं.

पलीकडे वरवंटा थांबला.
"तिखट होता काय वं?"

मला काय माहीत.
मी कुठे चाखला होता.
"गोड निघाला म्हने."

वरवंटा पुन्हा सुरू झाला.
गंजाचं कुणीच काही काढलं नाही.