मांजरपाट

दोंडाईच्याला कांतीशेठच्या दुकानात
माझा बाप एकतीस वर्षं कापड फाडत होता.
कापत नव्हता. फाडत होता.
कफनाच्या कापडाला कात्री लावायची नाही,
हे त्याला कुणी शिकवलं माहीत नाही.
गिऱ्हाईक पायरीवर चपला काढायचं विसरलं
की तो ओळखायचा, आणि न विचारता
वरच्या फळीवरचं ठाण खाली ओढायचा.

काठाला दातांनी एक बारीकशी खूण,
मग दोन्ही अंगठे, मग खांदे,
मग तो आवाज,
मिरचीबाजाराच्या ठसक्यांतूनही
रस्त्यापलीकडे ऐकू जाणारा.
शाळेतून येताना मी तो ऐकत थांबायचे.
आखूड असला तर
घरी जाऊन आईला सांगायचे नाही.

एकदा विचारलं होतं,
ते शास्त्रातले लोक गोणपाट नेसून राखेत बसायचे,
त्यांना टोचायचं नाही?
बाप हसला होता,
पोतं मिरचीचं नसेल त्यांचं.

आमोस सुरतेला गेला तेव्हा विशीचाही नव्हता.
पांडेसऱ्यात, साड्या रंगवायच्या कारखान्यात.
सुटीवर यायचा तेव्हा नखं कधी निळी,
कधी राणी रंगाची,
आणि भाकरी मोडताना तो ती लपवायचा.
पहिल्या नाताळाला बापासाठी शर्ट आणला,
फिकट पिस्ता, हातात धरला तर पाण्यासारखा निसटणारा.
“इस्त्री नको बापू. दहा वर्षं फाटायचा नाही.”
बापाने बाही दोन बोटांत चोळली.
“यात कापूस कुठंय?”
पण घातला. धुवून, वाळवून, पुन्हा तोच घातला.

फोन दुकानात आला.
बॉयलर, एवढंच नीट ऐकू आलं.
शेठ सांगतो, सीलास उठला,
दोन्ही हात गळ्याशी नेले,
तेच अंगठे, तेच खांदे,
आणि ओढलं.
कापड लांबलं. परत जागेवर आलं.
पुन्हा ओढलं.
एक गुंडी सुटून गल्ल्याखाली गेली.
“फाटस नही, शेठ,” म्हणाला.
“हाई फाटस नही.”
समोरची भांडेवाली कलाबाई धावत आली,
रडी ले रे भाऊ, रडी ले, म्हणत राहिली.
तो कॉलर धरून उभा,
जसं काही माप चुकलंय
आणि गिऱ्हाईक अजून दारात आहे.

गाडी नवापूरवरून आली, पहाटे तीनला.
पेटीला आतून लावायला पांढरं हवं होतं.
शेठने स्वतः कुलूप काढलं, ठाण उलगडलं,
बल्बभोवती पाखरं फिरत होती.
बापाने काठ हातात घेतला,
दातांपर्यंत नेला.
मग माझ्याकडे न बघता म्हणाला,
कात्री दे.

ती शोधावी लागली.
सरळ कापलं त्याने, या काठापासून त्या काठापर्यंत,
इतकं हळू
की काहीच ऐकू आलं नाही.

चार-पाच रविवार गेले.
पाळकांनी वाचलं ते नेमकं तेच,
दूरच्या देशातला तो बाप,
पोरांनी बकऱ्याच्या रक्तात बुडवून आणलेला झगा,
आणि त्याने आपली वस्त्रं फाडली.
फाडली, आणि पाळक पुढच्या ओळीवर गेले.
पंखा कुरकुरत होता.
आईने नजर खाली घातली.
बाकावर माझ्या शेजारी बाप,
अंगात तोच पिस्ता शर्ट,
गळ्याशी बोटभर सैल,
वरची गुंडी दुसऱ्याच रंगाची.

तो माझ्या कानाशी वाकला.
मला वाटलं, पाणी हवंय.

“सुती असेल,” म्हणाला.