उत्तरेची भिंत

चिलोए बेटावर पाऊस वरून पडत नाही.
वायव्येकडून येतो, आडवा,
उधारी वसूल करायला आल्यासारखा.
म्हणून इथे प्रत्येक घराची एक भिंत आधी म्हातारी होते.

ओतिलिया लेविकोयची ती भिंत उतरवायला
मी मार्चअखेर गेलो.
आलेर्सेच्या फळ्या, खवल्यांसारख्या एकीवर एक,
तिच्या सासऱ्याने ठोकलेल्या.
रंग राखाडी. नाही, राखाडीही नाही,
बांगड्याच्या पोटाचा.
लाकडातलं मऊ तेवढं वाऱ्याने खाल्लेलं,
कठीण रेषा उभ्या. बोटाला लागतात.

ती खाली बसून खिळे मोजत होती.
वाकडे सरळ करून परत वापरायचे, असा हुकूम.
चाळीस वर्षं ओहोटीला शेवाळ गोळा केलंय तिने,
वाकून, डावा गाल वाऱ्याला देऊन.
डावा गाल उजव्याहून दहा वर्षांनी मोठा आहे.
मी काही बोललो नाही. तीच म्हणाली,
"फोटोवाल्याला मी उजवी बाजू देते.
देवाला डावी."

दुपारी फाटकाशी एक माणूस आला.
पातागोनियातला चेहरा, मेंढ्या कातरणाऱ्याचा.
तिकडचा वारा कोरडा,
तो सुरकुत्या पाडत बसत नाही, तासतो.
"इथे लेविकोय बाई राहतात?"
"कोण विचारतंय?"
"एर्नोल."
ती बघत राहिली. एर्नोल काय, कोणीही म्हणेल.

मी शिडीवर, हातात नुकतीच उपटलेली फळी.
वरच्या फळीखाली झाकलेला तिचा वीतभर भाग
लाल होता. कालच चिरल्यासारखा लाल,
आणि वास, कुठल्या तरी जुन्या जंगलाचा.

खाली त्याने टोपी काढली, रीत म्हणून.
भुवयांच्या वर बोटभर गेल्यावर
काळं कपाळ एका रेघेशी थांबलं,
आणि रेघेपलीकडे
सोळा वर्षांच्या पोराचं कपाळ, पांढरं, वारा न लागलेलं.
त्यावर खोक. शिंपल्याची.
शिंपला कोणी मारला होता
ते तिच्या तोंडावरून मला वरूनसुद्धा कळलं.

रडली नाही. उठली,
त्याच्या हातातली टोपी घेतली
आणि त्याच्या डोक्यावर परत बसवली, कानापर्यंत ओढून.
"वारा लागेल," म्हणाली.

आलेर्से आता तोडू देत नाहीत.
धड निघाल्या त्या फळ्या मी उलट्या करून ठोकल्या,
लाल टोक बाहेर.
भिंत काही दिवस लाजल्यासारखी दिसेल,
मग वायव्येचं खातं पुन्हा सुरू.

सात खिळे कमी पडले.
आतून, चुलीपाशी भावाशी बोलता बोलता,
ती माझ्यावर ओरडलीच.