चौथं दार

मांडवीच्या लायब्ररीत वरच्या मजल्याची जमीन काचेची आहे.
जाड, दुधी काच. वर कुणी चाललं
की खाली आम्हाला तळव्यांचे ढग सरकताना दिसतात.
कुठला ढग कुणाचा, हे अठरा वर्षांत मला कळायला लागलंय.

कादंबरी तशी बारीकच. एकशे चौऱ्याण्णव पानं.
शिवण सुटली होती, मीच खळ लावून बसवली.
त्यातल्या शहरात बाईला दिवसाला तीन दारं:
एक घरातून निघायचं,
एक जिथे जायचं तिथलं,
आणि एक परतायचं.
पहारा नाही. उंबरेच मोजतात.
चौथ्या दाराचं काय होतं, कुणालाच ठाऊक नाही,
म्हणून सगळ्याजणी त्याबद्दल कुजबुजतात, पीठ चाळता चाळता.

हेमांगिनी दाभाडे पुस्तक परत देताना म्हणाल्या,
"भयंकर आहे हो,"
आणि काउंटरवर बोटं मोजायला लागल्या.
घर. दवाखाना. घर.
"सासऱ्यांचं अंथरूण धरल्यापासून तर माझी तिन्ही शिल्लकच पडतात.
साठवता येतात का, दिलंय का कुठे?"
पुढच्या मंगळवारी पुन्हा तेच नेलं.
शेवट वाचताना चष्मा नव्हता म्हणे.

एक रिटायर्ड इंजिनिअर तिसाव्या पानावरून परत आले.
"अतिशयोक्ती."
दुसऱ्या दिवशी त्यांची बायको आली,
नाव सांगेना, नुसतं म्हणाली,
"काल आमच्याकडून आलं ना, ते."

पन्नाबेन मराठी हळूहळू वाचतात, ओळीखाली बोट सरकवत.
डोक्यावर रेघ असलेली अक्षरं त्यांना अजून
वळचणीला दाटून उभ्या बायांसारखी वाटतात.
महिनाभर ठेवलं. दंड भरला, सुट्टे मोजून.
म्हणाल्या, "बेन, त्या गावात कायदा लिहिलाय तरी.
आमच्यात कुणी लिहिलाच नाही,
मग फाडायचं काय?"
माझ्या हातात तारखेचा शिक्का होता.
तो मी तसाच धरून राहिले, मागे रांग असताना.

मला वाटायचं, असली पुस्तकं लोक घाबरायला नेतात.
पण घाबरलेलं माणूस असं परत परत येत नाही,
आणि येताना वेणी नीट घालून येत नाही.

नियम असा, की पेन्सिलीच्या खुणा खोडायच्या.
एकशे बाराव्या पानावर ती चौथ्या दाराच्या कडीवर
हात ठेवून उभी आहे.
समासात एक टिंब होतं. पुस्तक फिरून आलं तेव्हा दोन.
दिवाळीपर्यंत सतरा.
शब्द एकही नाही, सही नाही. काही टिंबं इतकी दाबलेली
की पान उलटलं तरी बोटाला लागतात.
खोडरबर माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.
तो सापडत नाही, असं मी साहेबांना सांगितलंय.

माझी दारं सांगते. रावपुऱ्यातलं घराचं,
लायब्ररीचं, परत घराचं. अठरा वर्षं, रविवार सोडून.
काल सातला कुलूप लावलं, पुस्तक पर्समध्ये टाकलं,
पावती न करता,
आणि घराच्या वळणावर वळलेच नाही.
सूरसागरच्या कडेने चालत राहिले.
एका दुकानात सेव उसळ मागितली. एकच प्लेट.
"पार्सल?" पोऱ्याने विचारलं.
"नाही. इथेच."
त्याने फडक्याने अख्खं टेबल पुसलं, चारही खुर्च्यांपुढचं.

गंमत अशी, की त्या दुकानाला दारच नव्हतं.
नुसतं शटर, अर्ध्यावर अडकलेलं,
वाकून आत गेले होते मी.
हे धरायचं की नाही, अजून ठरत नाहीये.

पुस्तक उघडून मीठदाणीला टेकवलं.
एकशे बाराव्या पानावर तर्रीचा एक थेंब पडला,
लालभडक, टिंबांच्या खाली.
पडला म्हणजे,
पाडला म्हणा.
रबराने तो जायचा नाही.