आतलं सूत

बोरामणी नाक्याच्या अलीकडे, हैदराबाद रोडला
पत्र्याखाली माझा जॅक, कॉम्प्रेसर
आणि पंक्चर शोधायचा पाण्याचा टब.
एप्रिलात त्या पाण्यात हात घालवत नाही, इतकं तापतं.
पाटीवर 'चिलवेरी टायर्स'. र पुसट झालाय.
त्याआधी सोळा वर्षं मी मागावर होतो.
चादरीत धागा कुठं तुटलाय
ते डोळे मिटून बोटाला कळायचं.
माग भंगारात गेले, किलोच्या भावानं.
बोटं राहिली.
ती आता रबरावरून फिरतात.

गिऱ्हाईक म्हणतं, "साठच्या वर मी जातच नाही वो."
बरं.
मग हा एवढ्याच जागी चपटा झालेला पट्टा?
चाक जाम, रबर डांबरावर खरवडत गेलंय
आणि म्हैस तरीही हलली नसणार.
बाहेरचा खांदा खाल्लाय, आतला कोरा:
वळणावर गाडी वळवत नाही तुम्ही, फेकता.
दोन्ही कडा गेल्या, मधली नक्षी शाबूत:
हवा कधी बघितली होती?
दिवाळीत?
दिवाळीला आता सहा महिने झाले, मालक.
तेवढ्यावर गाणगापूरला जाऊन आलात, आठ माणसं कोंबून,
आणि वर टपावर गाद्या.

काही बोललो तर म्हणतात, रस्तेच तसले.
रस्ते तसलेच आहेत. ते कुठं नाही म्हणतोय मी.
खड्डा तिथंच असतो की, रोज. जागा सोडत नाही.

आज दुपारी बोल्लींचा श्रीनिधी आला.
पांढरी गाडी, आठ महिन्यांची.
पुढच्या डाव्या टायरला, कुशीत, लिंबाएवढा फुगवटा.
"माल खराब आहे काका, कंपनीकडं क्लेम करायचा."
मी बोट फिरवलं.
रिमची कड मुडपलेली, आणि रबरावर
दुभाजकाचा पिवळा रंग, अजून ताजा.
"कुठं चढवलीस बे?"
तो मोबाईल बघत राहिला.
"आसऱ्याला. जरा घाईत होतो."

ऐक, म्हटलं. हे वरून काळं दिसतं,
आत सूत असतं. खरंच सूत.
गच्च बसवलेले धागे, तुझ्या आजोबांच्या बीमवर होते तसे.
तू आपटलास तेव्हा रबराला काही झालं नाही,
रबर लेकाचं सोसतं.
आतले धागे गेले.
आणि हवा नेमकी तिथंच येऊन बसते
जिथं धरायला धागा नाही.
मागावर मी माग थांबवून गाठ मारली असती.
इथं गाठ बसत नाही. नवीन घाल.

त्याची आई मागच्या सीटवर होती,
दार उघडं टाकून, मांडीवर शेंगाचटणीचा पुडा.
उतरा म्हटलं तर नको म्हणाली.
गाडी जॅकवर, इंजिन बंद,
चाक माझ्या हातात,
तरी तिचा हात खिडकीवरच्या हँडलला.
आठ महिन्यांच्या गाडीत
तेवढंच एक प्लास्टिक झिजून चकचकीत झालेलं.
कुणी टायर दाखवतं,
कुणी दाखवत नाही.
तिनं माझ्याकडं बघितलं, मी नट आवळत बसलो.

"आता किती चालेल?" जाताना तिनं विचारलं.
चांगलं चालवलं तर चाळीस हजार, मी म्हणालो.
पोरगं हसलं. स्टार्टर मारला.
आई हळूच म्हणाली, आमच्या घरच्या तेलुगूत,
"मेल्लगा रा, मेल्लगा."
हळू रे, हळू.
धुरळा खाली बसेपर्यंत ती गाडी नाक्याच्या पुढं होती.

दुकान बंद करताना तो टायर पायाखाली धरला,
फुगवट्यावर सुरी चालवली.
काही उपयोग नव्हता त्याचा, सवय म्हणून.
काळ्याच्या आत पांढरं निघालं, तुटक, पिंजलेलं.
उजेडाकडं धरून मोजले.
अकरा.