कारणाची ओळ

नगरपालिकेच्या सन्मानपत्रात चार ओळी असतात.
नाव, वय, किती वर्षं,
आणि चौथी, कारणाची.
त्या भरायचं काम माझं,
कारण अख्ख्या लिन्कायमध्ये माझं अक्षर बरं
आणि ऑफिसातला प्रिंटर जूनपासून आजारी.

ओर्फेलिना बार्रियाचं सोपं होतं.
सव्वीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात.
बटाटे सोलून सोलून अंगठ्याला पडलेली खाच
ती येईल त्याला दाखवते, नवी अंगठी दाखवावी तशी.
मी लिहिलं, एकाही पोराला उपाशी घरी पाठवलं नाही.
महापौर म्हणाले, जरा भारदस्त लिही.
मी शाई वाळत ठेवली.

मग बंबावरचा बेलार्मिनो.
आमच्या चिलोए बेटावर आग विझवायला पगारी कुणी नसतं;
भोंगा झाला की न्हावी अर्धी दाढी सोडून धावतो,
आणि बेलार्मिनो तोच न्हावी.
निम्म्या गावानं कधी ना कधी
एका गालाला साबण फासून त्याची वाट पाहिलीये.
त्याची ओळ आपसूक आली.

सिक्स्तो नाहुएल्कीनपाशी पेन अडलं.

सिक्स्तो शिंपले काढणारा पाणबुड्या.
पण होडी उलटली, की नौदलाची बोट यायला दोन दिवस
आणि सिक्स्तो घरातून निघायला दोन मिनिटं.
जिवंत माणूस त्याला आजवर एकही सापडलेला नाही.
एकोणीस वर्षांत एकतीस.
आकडा तो सांगत नाही, चर्चची वही सांगते.

काय लिहू?
'बुडालेल्यांना' असं लिहिलं, तर पुढे क्रियापद सुचेना.
'बाहेर काढलं' म्हणजे विहिरीतला गाळ काढल्यासारखं.
'परत आणलं' हे धादांत खोटं,
आणि माझ्या आईला विचाराल तर तेवढंच खरं.
बाबांना वर आणल्यावर त्यानं आधी
त्यांच्या केसांतलं शेवाळ एकेक करून वेचलं,
सुटलेली नाडी बांधली,
मग आम्हाला हाक मारली.

चार कागद वाया गेले.

समारंभ शनिवारी, शाळेच्या जिममध्ये.
ओर्फेलिनाला टाळ्या.
बेलार्मिनोला टाळ्या, शिट्ट्या,
मागून कुणीतरी ओरडलं, 'माझी उरलेली दाढी कधी?'
मग सिक्स्तोचं नाव.
तो उठला, उसना कोट खांद्यात तंग,
आणि टाळ्या वाजल्याच नाहीत.
हात वर आले होते, मी पाहिले.
पण ज्याच्या त्याच्या दारात
हा माणूस एकदा निथळत उभा राहिलेला.
त्याच्यासाठी टाळी कशी वाजवायची,
हे आम्हाला कुणी शिकवलेलं नव्हतं.

तिसऱ्या रांगेतून एदुविना ल्येउकून उठली.
तिचा आब्नेर त्याला सापडलेला नाही.
सहा वर्षं झाली. अजून मोठ्या ओहोटीच्या रविवारी
पदरचं डिझेल जाळून तो त्याच खडकांपाशी जातो,
येताना तिच्या कुंपणाशी थांबतो
आणि नुसती मान हलवतो.
तिनं पिशवीतून मोजे काढले,
करड्या लोकरीचे, जाडजूड.
सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाली,
'पाय गार पडतात ना तुझे?
डावा जरा मोठा झालाय, चालवून घे.'

तो तिथेच स्टेजच्या पायरीवर बसला
आणि बूट काढू लागला.
महापौर हातात कागद धरून उभे.
अख्खी जिम थांबली,
दोन्ही मोजे चढेपर्यंत.

सोमवारी मला बोलावणं आलं,
चौथी ओळ कोरी कशी?
मी म्हटलं, शाई संपली होती.

तो कागद सिक्स्तो बाकावरच विसरला.
आता बेलार्मिनोच्या दुकानात
दरपत्रकाशेजारी लटकतोय.
परवा आई धाकट्याला घेऊन केस कापायला गेली होती.
घरी येऊन चुलीत लाकूड सारता सारता म्हणाली,
चौथी ओळ बरी लिहिलीस.