वेळेचा रकाना

अपघात विभागाच्या खिडकीत बसून
सव्वीस वर्षं मी नाव, वय, गाव लिहिते
आणि चौथ्या रकान्यात वेळ.

धनपाल मगदूम, बावन्न, हातकणंगले.
मंगळवार, सकाळचे अकरा दहा.
छातीत कळ, डाव्या हाताला मुंग्या.
मोठे डॉक्टर राउंडवरच होते,
ईसीजीवाला चहा अर्धा टाकून उठला,
सगळी दारं सताड उघडी.
पंधरवड्यानं इस्त्रीचा शर्ट घालून आला
आणि खिडकीतून पेढ्यांचा पुडा आत सरकवला.

दस्तगीर मुजावर, बावन्न, शिरोली, फाउंड्रीत भट्टीवर.
शनिवार उलटून रविवार, रात्रीचे दोन पन्नास.
तीच कळ, त्याच मुंग्या.
मोठे डॉक्टर फोनवर "निघालोच" म्हणाले
आणि खरंच निघाले होते, खोटं कशाला बोलू,
पण तावडे हॉटेलपासून आत
उसाच्या ट्रॉल्या, एकीच्या शेपटाला दुसरी.
शिकाऊ डॉक्टरीण कालपासून जागी.
तिचे हात थरथरत नव्हते.
फक्त दोनच होते.

पहाटे त्याचा भाऊ खिडकीशी आला.
"ताई, आम्ही दोन चाळीसला आलतो,
रिक्षावाल्याला इचारा. तेवढं दुरुस्त करा."
भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं पुढं आहे,
हे मला माहीत होतं.
मी खोडून दोन त्रेचाळीस लिहिलं.
तो बराच वेळ त्या आकड्याकडं बघत राहिला,
जणू सात मिनिटं हातात परत मिळाली होती
आणि कुठं ठेवावीत ते कळत नव्हतं.

मागं एक पोरगा आला होता, लॅपटॉप घेऊन,
माझ्या जुन्या वह्या उलटत.
"मावशी, रविवारी जास्त माणसं दगावतात. का?"
म्हटलं, बाबा, डॉक्टर कमी, हे तर आहेच.
पण रविवारी येतं कोण तेही बघ.
ज्याला दम धरता येतो तो सोमवारची वाट बघतो.
रात्री अडीचला तोच येतो
ज्याचं थांबणं संपलेलं असतं.
आणि दस्तगीरला कळ शुक्रवारपासनं होती.
शनिवारी पगार होता, म्हणून पाळी भरली.
पोरगा म्हणाला, "याला रकाना नाही."

आज पाळी सुटली. गंगावेशीत
म्हशीच्या धारा निघत होत्या, पेल्यावर फेस.
अर्धा लिटर घेतलं, घरी आले.
हे पलंगाच्या कडेला बसलेले,
डावा खांदा चोळत.
"रात्रीपासनं जरा भरून आलंय.
वाऱ्याचं असंल. सोमवारी बघू."

कॅलेंडरवर शनिवार.
सात वाजायला दहा कमी.
मोठे डॉक्टर नऊला येतात, एकला जातात.
एक चप्पल काढली होती, ती परत घातली.

"उठा. शर्ट घाला.
इस्त्रीचा नसला तरी चालंल."