वहिवाट

सदतीस वर्षं मी विंट्रिंगम साहेबांच्या वह्या लिहिल्या.
खंडाची, मेंढ्यांची, एल्मच्या तोडीची;
शिकारीची वेगळी, लाल कातडी बांधणीची:
सहा नोव्हेंबर. फेझंट एकशे बारा, ससे नऊ,
आणि एक कुत्रा, चुकून.

मायकेलमसला कुळं यायची,
टोप्या हातात, बुटांचा चिखल दारात खरवडून.
साहेब प्रत्येकाला बायकोची खुशाली विचारत.
टॅपलिनला तर ती गेल्यावरही तीन वर्षं विचारली.
तो म्हणायचा, बरी आहे, साहेब.
मग बीफ, मग बिअर,
मग मी शाई वाळवत बसायचो.

वाट तेव्हा घरासमोरून जायची,
खालच्या वस्तीतून सरळ चर्चच्या फाटकापर्यंत.
कुणी आखलेली नव्हती.
माणूस तिच्यावरून आधी कडेवर जायचा,
शेवटी खांद्यावर,
मधली वर्षं पायी.

बाईसाहेब बाथहून लग्न होऊन आल्या
आणि पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या,
न्याहारीला बसलं की मला बादल्या दिसतात.
एवढंच. आवाजही चढला नव्हता.

वाट हलवायला दोन मॅजिस्ट्रेटांच्या सह्या लागत.
दोघंही साहेबांची पोर्ट पिऊन, सही करून गेले.
नोटीस मी लिहिली, चर्चच्या दारावर मीच ठोकली.
माझं अक्षर चांगलं आहे असं सगळे म्हणतात.

नवी वाट कुत्र्यांच्या खोपटांमागून, तळ्याला वळसा घालून.
मी मोजली. अकराशे चाळीस पावलं जास्त.
जुनी नांगरली, वर गवत पेरलं;
रोलर ओढणाऱ्या तट्टाला कातड्याचे बूट शिवले,
हिरवळीवर खूर उमटू नयेत म्हणून.

केझाया ड्रूरी तरी चाललीच. एकदाच, भर रविवारी.
साहेबांसमोर उभी केली तेव्हा म्हणाली,
वाट हलवलीत, माझे गुडघे कोण हलवणार?
दंड, अर्धा क्राउन.
संध्याकाळी साहेबांनी तो स्वतःच्या खिशातून काढून
माझ्या टेबलावर ठेवला.
म्हणाले, कुठंतरी टाका. ड्रेनेजखाली टाका.
मी टाकला.

वहीतली वाट एका रेघेनं खोडता येते.
पायांची निराळी.
बाईसाहेब गेल्या त्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात
नऊ आठवडे पाऊस नव्हता,
आणि एका सकाळी हिरवळीवर ती वर आली,
दोन फूट रुंद, वाळक्या पेंढ्याच्या रंगाची,
वस्तीपासून फाटकापर्यंत, जराही न चुकता.
साहेब कप हातात घेऊन खिडकीशी उभे होते.
तीन दिवस पिंपांच्या गाड्या लावून पाणी घातलं.
चौथ्या दिवशी म्हणाले, राहू दे.
त्यांच्या रोजनिशीत त्या तारखेला दोनच शब्द आहेत:
दिसते आहे.
पुढं बॅरोमीटरचा आकडा.

फेब्रुवारीत ते गेले. तळं काठाबाहेर आलेलं.
शिशाचं अस्तर लावलेली पेटी, सहा कुळांच्या खांद्यावर,
पुढं उजवीकडे टॅपलिन, आता म्हातारा.
खोपटांच्या वळणाशी तो क्षणभर थांबला,
मागं न बघता
हिरवळीवर उतरला.
बाकीचे पाच त्याच्यामागून.
कुणी काही बोललं नाही. बूट चार-चार इंच रुतत होते.
लंडनहून आलेल्या पुतण्यानं माझ्याकडे पाहिलं,
मी प्रार्थनेच्या पुस्तकात पाहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला बोलावलं,
हिरवळीच्या दुरुस्तीचा अंदाज मागितला.
मी आकडा काढला. चार पौंड, सात शिलिंग.
कोणत्या खात्यात, त्यानं विचारलं.
ड्रेनेज, मी म्हणालो,
आणि लेखणी बुडवली.